फीडरची दुसरी बाजू कोण राखणार? बडोद्याच्या कारखानदार बंधू-भगिनींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी आपल्यातलेच एक ज्येष्ठ मित्र माझ्या शेडवर आले. चहा झाला आणि निघताना त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. ‘वाचून घे, सही कर, शिक्का मार. उद्या माणूस येऊन घेऊन जाईल.’ विजेच्या कायद्यात जी दुरुस्ती होऊ घातली आहे, तिला मकरपुरा, वाघोडिया, सावली, पोर-रमणगामडी इथल्या कारखानदारांचा पाठिंबा आहे असं सांगणारं ते पत्र होतं. खाली पंचवीस-तीस सह्या आधीच होत्या. बहुतेक नावं ओळखीची, त्यातली निम्मी आपली मराठी. दांडिया बाजारात ज्यांच्याबरोबर गणपतीची वर्गणी गोळा करत फिरलो, ती माणसं. दुसऱ्या दिवशी माणूस आला तेव्हा मी कागद कोराच परत दिला. तुमच्यापैकी काहींनी फोन करून कारण विचारलं. फोनवर पाच मिनिटांत सांगून होईल असं ते नाही, म्हणून सगळ्यांना मिळून लिहितो आहे.

कागदात काय होतं ते आधी सांगतो, कारण सही केलेल्या दोघांशी बोललो तर त्यांनी तो पूर्ण वाचलेला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २००३ च्या विद्युत कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याशी थेट संबंधित आहेत. एकाच भागात एकाहून जास्त वितरण कंपन्या वीज विकतील आणि नव्या कंपनीला स्वतःचे खांब-तारा उभारायची गरज राहणार नाही, आहे त्याच जाळ्यातून ती गिऱ्हाइकाला वीज देईल. एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला वीज देण्याचं जे बंधन वितरण कंपनीवर आहे, त्यातून तिला मोकळं करता येईल. आणि कारखाने, रेल्वे, मेट्रो यांच्या दरात मिसळलेली क्रॉस सबसिडी पाच वर्षांत काढून टाकायची. ही शेवटची गोष्ट कुठल्याही कारखानदाराला गोड लागणार. मलाही लागली, खोटं कशाला सांगू. शेतीपंपाचा आणि लहान घराचा भार आपण आपल्या बिलातून उचलतो, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

माझं काम हीट ट्रीटमेंटचं. गिअर, शाफ्ट, पिना येतात, आम्ही कडक करून परत पाठवतो. आमच्या धंद्यात लोखंड गिऱ्हाइकाचं, तेल आपलं आणि बाकी सगळी वीज. खर्चाच्या वहीत लाइटबिलाचा आकडा पगाराच्या वर असतो. तेव्हा स्वस्त वीज मला नको आहे असं कुणी समजू नये. मंजूर भार ९५ किलोवॉट. एक मेगावॉट म्हणजे १००० किलोवॉट, माझ्यासारखे दहा-अकरा कारखाने एकत्र केले तर तेवढा भार होतो. मकरपुऱ्यातल्या किती शेडना बाहेरून स्वस्त वीज घेण्याचा तो दरवाजा उघडा आहे, तुम्हीच मोजा. त्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यातले पाच-सहा सोडले तर बाकी सगळे माझ्याच मापाचे आहेत. आपण सह्या करतोय त्या दुसऱ्याच्या सोयीसाठी, आणि त्याचं बिल आपल्या दारात येणार आहे.

ते कसं, हे मला एका रात्रीने शिकवलं. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. रात्री पावणेदोनला मोबाइल वाजला. बाहेरच्या रस्त्यावर कुठल्याशा कंपनीची केबल टाकायला खणकाम चालू होतं, त्या जेसीबीच्या दाताखाली आमची ११ केव्हीची भूमिगत केबल आली. मी शेडवर पोचलो तेव्हा पिट भट्टीत ४०० किलो गिअर होते, ९२० डिग्रीवर, साडेचार तास झालेले, अजून दोन बाकी. भट्टीच्या पंख्याची घरघर थांबली की शेडमध्ये जी शांतता पसरते तिने पोटात गोळा येतो. मुलांनी मेथनॉलचं थेंबथेंब पडणं बंद करून नायट्रोजन सोडला होता, कारण भट्टी ७५० च्या खाली उतरली आणि आत गॅस राहिला तर स्फोटाची भीती. मी टॉर्च मारून पायरोमीटरकडे बघत उभा. ८७०. ८५५. ८४०.

वीज कंपनीचे तिघे आले, एक पन्नाशीचा लाइनमन आणि ठेकेदाराची दोन तरुण पोरं. पाऊस लागलेला होता. त्यांनी आधी केबल दोन्हीकडून सोडवली, मेगर, म्हणजे केबल तपासायचं यंत्र, लावून कुठला तुकडा मेला ते शोधलं आणि तो वेगळा काढला. मग तो लाइनमन म्हणाला, ‘साहेब, ही केबल आज दुरुस्त होणार नाही. पण तुमची रिंग आहे. मी दुसऱ्या बाजूने फीड देतो.’ आमच्या पट्ट्याला ११ केव्ही दोन बाजूंनी येते, दोन वेगवेगळ्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनींवरून. एरवी एकच बाजू चालू असते, दुसरी नुसती पडून. त्याने चौकाचौकातली पेटी उघडून एक स्विच पाडला, दुसरा चढवला, आणि तीन वाजून वीस मिनिटांनी पंखा परत फिरला. काटा ७८० वर होता. गिअर पुन्हा तापवून तीन तास धरावे लागले, अठ्ठावीस नग रिजेक्ट गेले. बाकीचे वाचले. सगळा घाणा गेला असता तर त्या महिन्यात मला मुलांचे पगार उसने काढून द्यावे लागले असते.

त्या रात्रीपासून मी फीडरच्या दुसऱ्या बाजूचा विचार करतो आहे. ती वर्षातले तीनशे साठ दिवस कुणाच्या कामाची नसते. तिच्यातून वीज विकली जात नाही, म्हणून तिच्यातून पैसाही येत नाही. तरी ती टाकावी लागते, तपासावी लागते, तिचे स्विच गंजू न देता फिरते ठेवावे लागतात. कुणीतरी कधीतरी ठरवलं की मकरपुऱ्यातल्या लहान शेडनाही दोन बाजू असल्या पाहिजेत, आणि त्याचा खर्च सगळ्या गुजरातच्या बिलांत वाटला गेला. बाजारभावाने वीज विकायला येणाऱ्या माणसाला ही दुसरी बाजू दिसतच नाही. तो युनिटचा भाव सांगतो. ‘तुम्हाला आत्ता आठ पडतात, मी सहाला देतो.’ सहाची वीज ज्या तारेवरून येणार, तिची दुसरी बाजू कोण सांभाळणार, हे त्याच्या कोटेशनमध्ये नसतं.

आपल्यातले जे मोठे आहेत त्यांनी हे एकदा अनुभवलं आहे. ओपन अॅक्सेस, म्हणजे वीज कंपनीच्याच तारांवरून दुसऱ्याची वीज विकत घेण्याची मुभा, २००३ च्या कायद्यापासूनच आहे. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे मंजूर भार, वीज कंपनीकडे ठेवायची, आणि रोज एक्स्चेंजचा, म्हणजे वीजबाजाराचा, भाव बघून स्वस्त असेल तेवढी वीज तिथून घ्यायची, अशी सोय अनेकांनी केली. कायद्यात बसतं, त्यात गैर काही नाही. पण मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर आला, कोळसा कमी पडला आणि एक्स्चेंजवर युनिट २० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकलं. केंद्रीय वीज नियामक आयोगाला एप्रिलच्या सुरुवातीला ती मर्यादा १२ रुपयांवर आणावी लागली. तेव्हा तुम्ही काय केलंत? परत आलात. एका दिवसात परत आलात आणि वीज कंपनीने तुम्हाला ठरल्या दराने वीज दिली, कारण ती देणं तिला बंधनकारक होतं. ज्या मसुद्याच्या पाठिंब्याला तुम्ही सह्या गोळा करता आहात, तो नेमकं तेच बंधन सैल करतो. पुढच्या मार्चमध्ये परतायला दार असेल का, हे सही करण्याआधी एकदा विचारा.

आणि तुम्ही परत येता तेव्हा ती वीज येते कुठून? वीज कंपनीने पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार करून ठेवलेले असतात. वीज उचलली नाही तरी त्या करारांचा स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. हीसुद्धा दुसरी बाजूच झाली, तांब्याऐवजी कागदावरची. मोठे ग्राहक बाहेर पडले की तो आकार उरलेल्यांत वाटला जातो: माझ्यासारखे ९५ किलोवॉटवाले, रावपुऱ्यातला शिंपी, तरसालीची दोन खोल्यांची घरं, पादऱ्याचा भाजीवाला शेतकरी. क्रॉस सबसिडी पाच वर्षांत काढायची म्हणजे तो पैसा हवेत विरत नाही. घराचा दर वाढेल, नाही तर राज्याच्या तिजोरीतून येईल. तिजोरीतून आला तर मला आनंद आहे, तसंच व्हायला हवं. शेतकऱ्याला मदत करायचं समाजाने ठरवलं असेल तर ती अंदाजपत्रकात उघडपणे मांडावी, माझ्या लाइटबिलात लपवू नये. पण आधी तिजोरीतली तरतूद करा, मग आमच्या दरातून काढा. मसुद्यात काढण्याची तारीख आहे, भरण्याची नाही.

आमचे वडील, अण्णा, १९६८ मध्ये जीईबीत, म्हणजे गुजरात विद्युत बोर्डात, हेल्पर म्हणून लागले आणि लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. २००५ मध्ये बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, तरी आपल्याकडे अजून लाइट गेली की ‘जीईबीला फोन लाव’ असंच म्हणतात. अण्णा उत्तरायणाला कधी घरी नसत. आम्ही भावंडं गच्चीवर पतंग उडवायचो आणि आमच्याच मांजामुळे ट्रिप झालेले फीडर चालू करत ते गावभर फिरायचे. रात्री आले की खिशातून तारांवरून काढलेले दोरे निघायचे. ते एकच सांगायचे: ‘तार आपली नसते, खांब आपला नसतो, पण तिच्यावरचा भार आपला असतो.’ तेव्हा ते मला कामावरच्या माणसाचं बोलणं वाटायचं.

त्यांच्या पिढीने काय उभं केलं ते आपण विसरतो आहोत. १९६० मध्ये राज्याबरोबर बोर्ड जन्मलं, त्याचं मुख्यालय आपल्या रेसकोर्सवर. धुवारणचं वीजकेंद्र उभं राहिलं, मग वणाकबोरीचं, २१० मेगावॉटची सात संयंत्रं, सगळी भेलची, म्हणजे तीही सार्वजनिक कारखान्यातली. त्याच काळात १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याआधी १९६२ मध्ये खतांची जीएसएफसी स्थापन झाली, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकलची सरकारी आयपीसीएल. या कारखान्यांना दिवसरात्र न खंडणारी वीज लागते. ती पुरवण्याची जबाबदारी घेतल्यावर बोर्डाला उपकेंद्रं, लाइनी, ट्रान्सफॉर्मर लागले आणि त्या मागणीवर बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, केबल, पंप बनवणारे कारखाने वाढले. १९७४ पासून मकरपुऱ्यात एर्डा ही विजेच्या यंत्रांची संशोधन संस्था आहे, जिथे देशभरातून ट्रान्सफॉर्मर तपासायला येतात. त्या मोठ्या कारखान्यांना लागणारं सुटं काम करायला आपण आलो. माझा पहिला जॉब माणेज्यातल्या एका कारखान्याच्या स्विचगिअरच्या पिनांचा होता. बडोद्यातला खासगी उद्योग सार्वजनिक विजेच्या सावलीत वाढला आहे, हे माझं मत नाही, आपल्या प्रत्येकाच्या जुन्या बिलबुकात ते आहे.

आयपीसीएलचं उदाहरण तुम्ही द्याल. २००२ मध्ये सरकारने तिचे २६ टक्के भाग १४९१ कोटींना रिलायन्सला विकले आणि २००७ मध्ये ती कंपनी त्यांच्यात विलीन झाली. कारखाना चालू आहे, बंद नाही पडला, हे मान्य. प्लास्टिक कुणाकडून घ्यायचं हे गिऱ्हाइकाला ठरवता येतं, जहाजाने बाहेरूनही येतं. पण माझ्या शेडला येणारी तार एकच आहे. तिथे मालक बदलला तर मी दुसरीकडे जाऊ शकत नाही. कारखाना विकणं आणि वितरण विकणं या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत.

खासगी म्हणजे वाईटच, असंही मी म्हणत नाही. अहमदाबादची वीज १९१३ पासून खासगी कंपनीच्याच हातात आहे आणि आज तिथली सेवा चांगली आहे. दाट वस्ती, गिरण्या, बाजार, पैसे भरणारा ग्राहक, लहान लाइनी. तिथे कुठलीही शहाणी कंपनी चांगलं चालवील. प्रश्न असा आहे की तीच कंपनी छोटाउदेपूरच्या पाड्यावर खांब टाकायला जाईल का. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या वितरणातले ५१ टक्के भाग एप्रिल २०२२ मध्ये खासगी कंपनीला दिले. तिथली बहुतेक वीज कारखाने घेतात, नुकसान मुळात कमी. चंडीगढचा वीज विभाग फायद्यात चालत होता, तोही फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. आजाऱ्याला दवाखान्यात नेलं म्हणतात, पण उचललेले रुग्ण धडधाकट दिसतात.

महाराष्ट्रातले नातेवाईक आपल्या सगळ्यांचे आहेत, त्यांना विचारा. औरंगाबाद, जळगाव, नागपूर, तिन्ही शहरांत वीज वितरण फ्रँचायझीला, म्हणजे ठेक्याने चालवणाऱ्या खासगी कंपनीला, दिलं होतं. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपवावा लागला, जळगावचा त्यानंतर वर्षभरात, नागपूर २०१९ मध्ये महावितरणकडे परत आलं. भिवंडीत मात्र २००७ पासून चाललं आहे आणि तिथली गळती खूप कमी झाली, तेही लिहायलाच हवं. म्हणजे चारातलं एक टिकलं. मुंबईच्या उपनगरांचा धडा तर आपल्या मसुद्याला अगदी जुळणारा आहे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे एकाच तारेवर दोन कंपन्यांची वीज घेण्याची मुभा मिळाली. आधी गेले ते जास्त वीज वापरणारे, मोठी बिलं भरणारे. मागे राहिलेल्या कंपनीकडे लहान ग्राहक उरले आणि त्यांच्यावरचा भार वाढायला लागला. शेवटी २०१२ मध्ये राज्याच्या आयोगाला मध्ये पडून सांगावं लागलं की यापुढे महिना ३०० युनिटपर्यंतवाल्यांनाच कंपनी बदलता येईल. मुंबईसारख्या श्रीमंत शहरात हे झालं. डभोई-सावलीत काय होईल?

वीजनिर्मितीत आपण एकदा खासगी स्पर्धेवर पूर्ण विश्वास टाकलाच होता. मुंद्र्याचा ४००० मेगावॉटचा टाटांचा प्रकल्प युनिटला सरासरी २ रुपये २६ पैशांच्या बोलीवर मिळाला, त्यातली १८०५ मेगावॉट वीज गुजरातसाठी. शेजारीच अदानींचा प्रकल्प, त्यांच्याशीही करार. कोळसा इंडोनेशियाचा. २०१०-११ मध्ये इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाचे नियम बदलले, भाव चढले आणि दोन्ही कंपन्या जादा दर मागायला आयोगाकडे गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ११ एप्रिल २०१७ ला न्यायालयाने सांगितलं की परदेशी कोळसा महागला म्हणून ठरलेला दर वाढवून मागता येणार नाही. तरी पुढे समित्या बसल्या, संयंत्रं थांबली, आणि मे २०२२ मध्ये केंद्राला कायद्याचं कलम ११ लावून आयात कोळशावरची संयंत्रं चालवायला सांगावं लागलं. दोष एकट्या कंपन्यांचा आहे असं मी म्हणणार नाही, तोट्यात कोण किती दिवस चालवील. पण भाव चढला तेव्हा टेबलाच्या पलीकडे ग्राहकाच्या बाजूने बसलेलं कुणीतरी होतं, आणि ते रेसकोर्सवरचं सरकारी कार्यालय होतं. उद्या ते टेबलच काढलं तर माझ्या वतीने तिथे कोण बसणार? माझ्याकडे वकील ठेवायला पैसे नाहीत.

‘सरकारी म्हणजे तोटा’ हे वाक्य त्या कागदात दोनदा होतं. बडोदेकराने तरी ते लिहू नये. २००१ च्या सुमारास जीईबीचा वर्षाचा तोटा दोन हजार कोटींच्या वर होता, पगार वेळेवर होतील की नाही याची अण्णांच्या जुन्या सहकाऱ्यांत चर्चा असायची. पुढच्या चार-पाच वर्षांत तीच संस्था, तेच लोक घेऊन नफ्यात आली. खासगी निर्मिती कंपन्यांबरोबरचे महाग करार पुन्हा बोलून खाली आणले, चोरी पकडली, महाग कर्जं बदलली, आणि २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावातल्या घरांचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले. हजारो गावांत तारा ओढल्या त्या कुणी? बोर्डाने. कंपन्या सात झाल्या पण त्या राज्याच्याच राहिल्या. आज केंद्र सरकार दर वर्षी देशभरच्या वितरण कंपन्यांना जी श्रेणी देतं, तीत गुजरातच्या चारही सरकारी कंपन्या वर्षानुवर्षं ए प्लसमध्ये आहेत.

सगळं छान चाललं आहे असं म्हणायला मात्र मी हा कागद काळा करत नाही. माझ्या बिलातला इंधन आकार कसा निघतो हे मला तीन इंजिनियरांनी तीन प्रकारे सांगितलं. संध्याकाळी सहा ते दहा जादा आकार लागतो आणि त्याच वेळी आमची दुसरी पाळी चढते. त्या रात्री माझ्या दारात आलेल्या तिघांतला एकच कायम नोकरीत होता. ठेकेदाराच्या पोरांपैकी एकाच्या हातातले रबरी हातमोजे फाटलेले होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले. बोटं दिसत होती. ११ केव्हीच्या पेटीसमोर, पावसात. खासगीकरण एका दिवशी सही करून होतं असं नाही, ते असं आधीच हातमोज्यांतून शिरलेलं असतं. आपल्याला पत्रच लिहायचं असेल तर याबद्दल लिहू: लाइनमनच्या रिकाम्या जागा भरा, ठेकेदाराच्या माणसाला कायम माणसाइतकीच साधनं आणि विमा द्या, इंधन आकाराचा हिशोब साध्या भाषेत बिलाच्या मागे छापा.

ऑगस्ट २०२४ चा पूर तुम्ही विसरला नसाल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फुटांची, नदी ३५ च्या वर गेली. अकोट्याला माझ्या बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. करंट लागू नये म्हणून वीज आधीच बंद केलेली. पाणी उतरायला लागल्यावर पहिल्यांदा दिसले ते वीजवाले, कमरेला दोर बांधून, काठीने पुढचा तळ चाचपत, कारण पाण्यात मगरी होत्या. त्यांनी प्रत्येक मीटरची पेटी उघडून कोरडी आहे का बघितलं, मगच ट्रान्सफॉर्मर चढवला. बहिणीने त्यांना वरून दोरीने डब्यातून पोहे सोडले. त्यांच्यातले काही दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले होते. राज्याची एक व्यवस्था होती म्हणून एका आदेशावर ते आले. ओडिशाने १९९९ मध्ये वितरण खासगी केलं, त्याच ऑक्टोबरात महाचक्रीवादळाने खांब झोपवले, आणि मध्य विभाग चालवणारी अमेरिकन कंपनी २००१ मध्ये सोडून गेली. उरलेल्या तीन विभागांचा परवाना २०१५ मध्ये आयोगाला रद्द करावा लागला.

मोठ्या कारखान्यांच्या मालकांना वेगळं दोन शब्द. तुमची अडचण मला कळते. दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या कारखान्याशी तुमची स्पर्धा आहे आणि विजेचा एकेक पैसा तुमच्या भावात उतरतो. स्वतःची सोलर लावा, वारा घ्या, आम्हीही जमेल तेव्हा छतावर लावू. रात्रीची वीज स्वस्त मिळावी, दुपारी सोलर भरपूर असते तेव्हा दर उतरावा, यासाठी आयोगापुढे आपण सगळे मिळून उभे राहू, मी पहिल्या रांगेत येईन. पण जाळं सोडून जाऊ नका, आणि जायचंच असेल तर जाताना आमच्या नावाने जाऊ नका. तुमच्या भट्ट्यांचा भार आहे म्हणून आमच्या पट्ट्याला दुसरी बाजू मिळाली. तुमची सुटी कामं आम्ही करतो. आमची भट्टी रात्री पावणेदोनला थंड पडली तर सकाळी तुमच्या असेंब्लीला गिअर पोचत नाहीत, हे तुमच्या परचेसवाल्याला विचारून बघा.

माझी विनंती एवढीच आहे. ज्यांनी सही केली आहे त्यांनी मसुदा एकदा मुळातून वाचावा आणि पटलं तर सही मागे घ्यावी. सह्या पुढच्या सोमवारी पाठवणार आहेत असं कळलं. त्याआधी रविवारी सकाळी दहाला माझ्या शेडवर या. गेल्या पाच वर्षांची बिलं मी काढून ठेवली आहेत, तुमचीही आणा. स्थिर आकार किती, इंधन आकार किती, मोठे ग्राहक गेले तर कुणावर किती येईल, हे आपण वहीत मांडून बघू. हिशोब माझ्या म्हणण्याच्या उलटा निघाला तर तिथेच, सगळ्यांसमोर, मी त्या कागदावर सही करीन. भट्टी चालू असेल, जरा गरम होईल, पण बसायला जागा आहे.

तुमचाच,
मकरपुरा जीआयडीसीतला एक हीट ट्रीटमेंटवाला